कुंकवाखालचा काटा

मित्रांनो, तळहातावर मावेल एवढा, काचेला चीर गेलेला एक म्हातारा मीटर तुमच्याशी बोलतो आहे. मोठ्या यंत्राच्या इंजिनातलं पाणी किती तापलं आहे, ते काट्याने दाखवणं हे माझं काम. ते काम मी बारा वर्षं चोख केलं आणि एका दुपारी केलं नाही. जुन्या वस्तू तुम्हाला आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगत असतील. मला मात्र माझ्या अपराधाची गोष्ट सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म १९८९ सालचा, नाशिकच्या सातपूर वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यातला. पितळेचा एक बोंडासारखा गड्डू, त्याला जोडलेली तांब्याची बारीक नळी, आणि नळीच्या टोकाला काच, तबकडी नि काटा, असं माझं शरीर. तबकडीवर चाळीस ते एकशेवीस असे आकडे. नव्वदच्या थोडं पुढपर्यंत हिरवी पट्टी, त्यापुढे लाल. उज्ज्वला नावाच्या बाई माझा गड्डू उकळत्या पाण्यात बुडवून काटा तपासत असत. पहिल्याच परीक्षेत मी पास झालो, आणि खरं सांगतो, त्या दिवसापासून माझ्या डोक्यात थोडी हवा गेली.

पुढच्याच वर्षी मी एका नव्या कोऱ्या डोझरवर चढलो. डोझर म्हणजे समोर लोखंडी पातं असलेलं, रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारं, माती ढकलणारं यंत्र. त्याचे मालक धनराज शेठ, कंत्राटदार. पंचवटी ओलांडून आडगाव नाक्याकडे निघालं की रस्त्याच्या कडेला त्यांचं यार्ड होतं. आणि डोझर चालवणारे होते खंडेराव. दिंडोरीकडचे, उंच, कमी बोलणारे. त्यांच्या पुढ्यात माझी जागा होती. माझा गड्डू इंजिनाच्या पाण्यात आणि माझा चेहरा खंडेरावांच्या समोर, असे आम्ही दोघं बारा वर्षं बसलो.

आता इंजिनाला पाणी कशाला लागतं, ते आधी ऐका. डिझेल इंजिनाच्या पोटात दिवसभर जाळ असतो. त्या जाळाने लोखंड वितळू नये म्हणून त्याच्याभोवती पाणी खेळवतात. पाणी उष्णता उचलतं आणि समोरच्या रेडिएटरमध्ये येतं. तिथे बारीक नळ्या आणि पातळ पत्र्याची जाळी असते. पंखा त्या जाळीतून वारा ओढतो, पाणी निवतं आणि पुन्हा इंजिनाकडे जातं. हा फेरा कुठेही अडला, तर इतकं मोठं धूड काही मिनिटांत भंगार होतं.

खंडेरावांना हे पुरतं ठाऊक होतं. सकाळी इंजिन थंड असताना ते आधी रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यात बोट घालायचे. मग पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून बघायचे, रबरी पाईप चाचपायचे, आणि आतल्या बाजूने पाणी मारून जाळीतला कचरा काढायचे. विहिरीचं जड पाणी ते कधी घालत नसत. त्याने नळ्यांना आतून पांढरा थर धरतो, चहाच्या किटलीला धरतो तसा. कंपनीचं गंज रोखणारं हिरवं औषध मिसळलेलं पाणी ते डब्यात भरून बरोबर न्यायचे. यार्डातली माणसं चेष्टा करायची, "खंडेराव, बायकोला एवढं जपता का?" ते म्हणायचे, "ती बोलून दाखवती. ह्याला बोलता येत नाय, म्हणून बघावं लागतं."

एकदा हरसूलच्या बाजूला काम चालू असताना खालचा पाईप फुटला आणि मी झपाट्याने लालमध्ये गेलो. खंडेरावांची नजर माझ्यावरच होती. त्यांनी लगेच पातं उचललं, यंत्र थांबवलं, काय फुटलं ते पाहून इंजिन बंद केलं आणि बाजूच्या आंब्याखाली जाऊन चक्क तासभर बसले. कुणीतरी उत्साहाने झाकण उघडायला धावला, त्याचा हात त्यांनी हिसका देऊन मागे ओढला. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर उडतं, चामडी सोलून निघते. इंजिन वाचलं. संध्याकाळी शेठनी माझ्या काचेवर टिचकी मारून शाबासकी दिली. शाबासकी खंडेरावांच्या नजरेची होती, पण मी ती एकट्यानेच खिशात घातली.

असा मी फुगत गेलो आणि २००२ सालची खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा होते, हे तुम्हाला माहीत आहे. शेठच्या यार्डात त्या दिवशी सगळी यंत्रं धुऊन पुसून रांगेत उभी करत. ऑपरेटरांच्या घरची मंडळी नवे कपडे घालून येत. शेठनी स्वतः आमच्या डोझरच्या तोंडावर झेंडूचा जाडजूड हार बांधला. हार अगदी रेडिएटरच्या जाळीसमोर लोंबत होता. बांधताना ते म्हणाले, "वाळून पडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही." यार्डाचा रिवाजच होता तो. पूजेचा हार काढायचा नाही, पूजेचा टिळा पुसायचा नाही, आपोआप जाईल तेव्हा जाईल.

मग खंडेरावांच्या पत्नी यशोदाबाई पट्ट्यावर पाय देऊन वर चढल्या. त्यांनी कुंकू गोडेतेलात कालवून आणलं होतं, लवकर उडू नये म्हणून. दांड्यांना, आसनाला, हॉर्नला एकेक बोट लावून त्या माझ्यापाशी थांबल्या.

"ह्योच का तो, ज्याच्याकडं तुम्ही सारखं बघत असता?" त्यांनी खाली उभ्या नवऱ्याला विचारलं.

"ह्योच. ह्याच्यावर माझी भाकरी हाय."

"मग ह्याला मोठा टिळा," असं म्हणून त्यांनी अख्खा अंगठा कुंकवात बुडवला आणि माझ्या काचेवर मधोमधपासून उजवीकडे दाबून ओढला. वर तांदळाचे चार दाणे चिकटवले. हात जोडून म्हणाल्या, "माझ्या माणसाला संभाळ रे बाबा."

मित्रांनो, मला तेव्हा काय वाटलं ते लपवत नाही. मला आनंदाने गुदगुल्या झाल्या. शेजारचा तेलाच्या दाबाचा मीटर कोरडाच राहिला होता. त्याच्याकडे मी तोऱ्यात पाहिलं. माझ्या तबकडीवरची नव्वदपासून पुढची सगळी जागा कुंकवाखाली गेली आहे आणि लाल पट्टी लाल टिळ्याने झाकली आहे, हे मला कळत होतं. पण मला ते नकोसं वाटलं नाही. मिरवायला मिळतंय तर मिरवावं, एवढंच मनात होतं.

दसऱ्याला सुट्टी झाली. तिसऱ्या दिवशी आम्हाला ट्रेलरवर घालून पेठच्या पलीकडे एका पाड्यावर नेलं. तिथे पाझर तलावाचा बांध अर्धा झाला होता आणि शेठना तो कोजागरीपर्यंत उरकायचा होता. खंडेरावांनी सकाळी नेहमीप्रमाणे पाणी पाहिलं, पट्टा दाबला, पाईप चाचपले. जाळीकडे मात्र त्यांनी वाकून पाहिलं आणि ते मागे फिरले, कारण पुढे हार होता. पूजेच्या वेळी यंत्र धुतलेलं, जाळी ओली. झेंडूच्या पाकळ्या गळून गळून त्या ओल्या जाळीला चिकटल्या होत्या. इंजिन चालू झालं तसा पंखा उरलेला हारही आत ओढू लागला. दुपारपर्यंत रेडिएटरचं निम्मं तोंड फुलांनी लिंपून गेलं.

पाणी तापू लागलं. माझा काटा ऐंशी, पंच्याऐंशी करत नव्वदला आला आणि टिळ्याआड गेला.

खंडेरावांनी माझ्याकडे पाहिलं. काटा दिसेना. त्यांना वाटलं असेल, ऊन आहे, चढावर माती ढकलतोय, नव्वदच्या आसपास असणारच. त्यात काही नवल नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा पाहिलं. तेव्हा मी शंभरावर होतो. त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी एक हात दांड्यावर ठेवून दुसरा पुढे केला, अंगठा माझ्या काचेवर टेकवला आणि कुंकू पुसायला सुरुवात केली. तांदळाचा एक दाणा गळून खाली पडला.

तेवढ्यात ते थबकले. पूजेचं कुंकू, तेही घरच्या लक्ष्मीने लावलेलं. त्यांनी अंगठा उचलला आणि अंगठ्याला लागलेलं कुंकू स्वतःच्या कपाळाला लावलं. "एवढी एक खेप टाकू, मग बघू," असं पुटपुटत त्यांनी पातं खाली घेतलं.

त्या क्षणी मी काय म्हणत होतो, ठाऊक आहे? मला ओरडता येत नाही हे खरं. पण मी मनातसुद्धा ओरडलो नाही. अंगठा काचेवर आला तेव्हा मी म्हणत होतो, नको, पुसू नका, राहू द्या माझा टिळा. माझा काटा शंभराच्या पुढे होता आणि मला माझ्या शोभेची काळजी पडली होती. आजही तो अंगठा आठवला की माझा काटा थरथरतो.

ती खेप पुरी झाली नाही. आधी जळक्या फुलांचा वास आला, मग इंजिनाचा आवाज जड झाला. मग लोखंडावर लोखंड घासल्याचा एक कर्कश आवाज आणि एकदम शांतता. पाणी उकळून वाफ होऊन गेलं होतं. आतले दट्टे जागच्या जागी चिकटले होते. खंडेराव आसनावर तसेच बसून राहिले. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल घेतला, थुंकी लावून माझी काच घासली, आणि अगदी स्वच्छ होईपर्यंत घासत राहिले. कपाळावरचं कुंकूही पुसलं.

काच साफ झाली तेव्हा माझा काटा खाली घसरत होता. माझ्या गड्डूभोवती पाणीच उरलं नव्हतं आणि रिकाम्या इंजिनाचा ताप मला नीट कळेना. दिवस मावळायच्या आत शेठ जीप घेऊन पोचले, तोवर मी चाळिसावर येऊन साळसूदपणे बसलो होतो.

शेठबरोबर त्यांचा मेकॅनिक रोहित आला होता. ओझरच्या विमान कारखान्यात शिकाऊ म्हणून काम केलेला, हुशार, सरळ माणूस. त्याने रेडिएटर पाहिला आणि म्हणाला, "जाळीत फुलं बसलीत शेठ. हवाच मिळाली नाही."

"फुलं बसली तर काटा वर जातो ना? मग मीटर खोटा आहे का?"

रोहितने मला सोडवलं. पाड्यावरच्या एका चुलीवर पातेल्यात पाणी उकळवलं आणि माझा गड्डू त्यात धरला. मी बिनचूक शंभरच्या जवळ गेलो. लहानपणी पास झालो होतो तसाच पास झालो. पण माझ्या खरेपणाची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. मी खोटा ठरलो असतो, तर तो माणूस वाचला असता.

"मीटर ठीक आहे," रोहित हळू आवाजात म्हणाला. त्याच वेळी त्याला माझ्या कडेच्या पितळी खाचेत अडकलेली लाल रेघ दिसली. त्याने मान वर केली. खंडेरावांनी शेठच्या पाठीआडून त्याच्यासमोर हात जोडले आणि मान हलवली. रोहित गप्प बसला.

शेठचा आवाज चढला. "मीटर ठीक आहे, मग तू कुठं बघत होतास? झोपला होतास?"

"व्हय शेठ," खंडेराव म्हणाले. "डुलकी लागली."

दुसऱ्या दिवसापासून त्यांना कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. आपल्या भागात यंत्रवाले सगळे एकमेकांना ओळखतात. चालत्या डोझरवर झोपणारा ऑपरेटर म्हणून खंडेरावांचं नाव दिंडोरीपासून सिन्नरपर्यंत झालं. ज्या माणसाने बारा वर्षांत माझ्यावरून नजर हलवली नाही, त्याला पुन्हा कुणी यंत्रावर बसू दिलं नाही.

जाताना ते रोहितला एवढंच बोलले होते, "तिच्या हातानं मशीन गेली असं झालं, तर लोकं तिला पांढऱ्या पायाची म्हणतील. कुणी दारात उभी करणार नाय. मला झोपाळू म्हणू द्या. कुठं बोलू नका." रोहितने शब्द दिला.

डोझरला नवं इंजिन आलं, त्याबरोबर नवे मीटर आले आणि मी गंजक्या नट-बोल्टांच्या डब्यात गेलो. तिथे मला कुणी विचारलं नाही, आणि मी तक्रारही केली नाही. मला तीच शिक्षा बरी वाटत होती. पुढे रोहितने नाक्याजवळ स्वतःचं वर्कशॉप टाकलं, तेव्हा तो मला उचलून घेऊन गेला. त्याने मला टेबलावर ठेवलं. नव्या ऑपरेटरांना तो पाणी, पट्टा, जाळी कशी बघायची ते शिकवायचा आणि शिकवताना मला हातात धरायचा. पण माझी गोष्ट कुणाला सांगायचा नाही.

सहा वर्षं गेली. २००८ सालच्या उन्हाळ्यात एक दिवस यशोदाबाई वर्कशॉपमध्ये आल्या. केस पिकलेले, हातात कापडी पिशवी. खंडेराव तोवर एका द्राक्षांच्या गोदामावर राखणदारी करत होते, तेही काम सुटलं होतं.

"रोहितभाऊ, ह्यांना तुमच्याकडं काही झाडलोटीचं तरी काम द्या," त्या म्हणाल्या. "मी लय बोलती त्यांना. रोज बोलती. त्या एका झोपंनं आमचा संसार बुडवला. सा वर्सं झाली, मी त्यांना दुपारचं आडवं होऊ देत नाय. म्हणती, पुन्हा झोपता का?"

रोहितचा चेहरा उतरला. त्याने मला उचललं, एक बारीक सुई घेतली आणि माझ्या कडेची खाच खरवडली. यशोदाबाईंच्या तळहातावर थोडी लाल भुकटी पडली.

"काकू, ओळखलंत?"

"कुकू हाय."

"तुम्ही लावलेलं. काका झोपले नव्हते. काटा ह्याच्याखाली गेला होता. तुमच्यावर बोट येऊ नये म्हणून त्यांनी काच पुसली आणि झोप लागल्याचं सांगितलं. मी शब्द दिला होता, आज मोडला."

यशोदाबाई खाली फरशीवरच बसल्या. रडल्या नाहीत. मला मुठीत घट्ट धरून बसल्या. त्यांच्या मुठीत मला पहिल्यांदा कळलं की माझ्यामुळे खंडेरावांचं कामच गेलं असं नव्हतं. घरात रोज त्यांना ऐकून घ्यावं लागत होतं, आणि बोलणारीला ठाऊक नव्हतं की ते गप्प का आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कामं सुरू व्हायच्या वेळी, त्या खंडेरावांना हाताला धरून शेठच्या यार्डात घेऊन गेल्या. रोहितही बरोबर होता. सगळे ऑपरेटर जमलेले होते. त्यांनी मला शेठच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं, काही न लपवता, मोठ्या आवाजात. खंडेराव "अगं गप, अगं नको" करत राहिले.

"गप कशी बसू?" त्या त्यांच्याकडे वळल्या. "तुम्ही माझ्यासाठी गप बसलात, अन् मी सा वर्सं तुम्हालाच बोल लावत बसली. आता ते बोल मी माघारी कसे घेऊ?"

शेठ मला उलटसुलट करून बघत होते. वय त्यांच्याही तोंडावर दिसत होतं.

"हार तर मीच बांधला होता," ते म्हणाले. "काढू नका म्हणालो होतो. खंडेराव, उद्यापासून मशीनवर ये."

खंडेरावांनी मान हलवली. "आता नजर पहिल्यासारखी नाय शेठ. मशीन नको. ह्या सगळ्यांसमोर एकदा म्हणा, खंडेराव झोपला नव्हता."

शेठनी पायातल्या चपला काढल्या, का ते मला माहीत नाही, आणि सगळ्यांकडे पाहून म्हणाले, "खंडेराव झोपला नव्हता."

तीन शब्द होते, मित्रांनो. त्या पाड्यावर, पातेल्याशेजारी, ते कुणीतरी म्हणायला हवे होते. रोहित शब्दाने बांधला गेला होता. यशोदाबाईंना माहीत नव्हतं. सगळं माहीत असलेला आणि आपल्या टिळ्यात दंग असलेला असा मी एकटाच होतो.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. तुमच्या घरी, शेतात, गावात कुठलंही इंजिन असलं, तर त्याचं पाणी रोज बघा, थंड असताना बघा, जाळी स्वच्छ ठेवा. पूजा जरूर करा, पण काच पुसल्यावर करा आणि झाल्यावर पुन्हा पुसा. तेवढ्याने देव रागावत नाही. आणि जो माणूस वर्षानुवर्षं नेमाने पाणी बघत आला, तो एक दिवस झोपला असं कुणी सांगितलं, आणि तो स्वतःही हो म्हणाला, तरी लगेच विश्वास ठेवू नका. त्याच्याजवळ बसा आणि पुन्हा एकदा विचारा.